बाभळीला बांधलेली बंदूक

कुंडल, घटस्थापना, १९७४

श्रीमान मानसिंगराव यांस, मुक्काम कोरेगाव.

कुंडलच्या लालासाहेबाचा हात जोडून रामराम. इकडे मी, तुमची बहीण, म्हैस आणि तुम्ही दिलेली बंदूक असे सगळे ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवावे. वैद्याने दिलेले तेल गुडघ्यालाच लावता ना, असे तुमच्या बहिणीने, लीलाबाईने, मुद्दाम विचारले आहे.

धरणावरच्या साहेबाने कोयनानगर सोडून जाताना तुम्हाला बंदुकांची जोडी विकली. त्यातली एक तुम्ही माझ्या उसातल्या डुकरांसाठी दिलीत आणि एक स्वतःला ठेवलीत, हे उपकार मी विसरणार नाही. बंदूक दिसायला राणीच्या राज्यातली, पण घडवलेली काल-परवाची. खालची कडी ओढली की काडतूस वर येते. आता पलटणीत मी जन्मभर हत्यारेच दुरुस्त केली, त्यामुळे या बाबतीत मला कोणी शिकवू नये. नमुना जुना, म्हणजे सोसायची ताकदही जुनी. तिला हलक्या दारूचेच काडतूस द्यावे. शिवाय काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपतात आणि मागच्याचे टोक पुढच्याच्या बुडाला, जिथे घोडा आपटतो तिथेच, टेकते. म्हणून गोळी चपट्या तोंडाची हवी. टोकदार असली तर मागचे काडतूस पुढच्याला नळीतच उडवायचे. हे सगळे मी चावडीवर नीट समजावले. त्यावर आमचा शेजारी जोतीराम म्हणाला, "आवं, बसतंय न्हवं त्यात? मग झालं की." (हाच जोतीराम बसतोय म्हणून भावाचा कोट घालून लग्नाला गेला, आणि पंगतीत मांडी घालताना पाठीत उसवला.)

नवे हत्यार आधी बांधून उडवायचे, ही पलटणीची शिस्त. मी बंदूक बांधावरच्या बाभळीला चऱ्हाटाने आवळली, चापाला लांब सुतळी बांधली आणि शेताच्या दगडी तालीमागे आडवा झालो. निम्मे गाव बघायला आले होते. हलके काडतूस झकास उडाले. मग खांद्याला लावून उडवले, तेही झकास. डुकरे माझा ऊस सोडून जोतीरामच्या उसात गेली, तेव्हापासून त्याला बंदुकीचा आवाज फार वाटतो. गावात मात्र "हवालदार बंदूक दावणीला बांधतोय, वैरण कवा घालणार" अशी चेष्टा चालू आहे. चालू दे. दोन्ही डोळे आणि दहा बोटे शाबूत असलेल्या माणसाला चेष्टा सोसते.

तुम्ही मागाहून पाठवलेला काडतुसांचा डबा पोचला. दुकानदाराने "लय जोराची हायेत" म्हणून दिली, टोकेही छान अणकुचीदार आहेत. तसलाच दुसरा डबा तुमच्याकडे आहे आणि खंडेनवमीला पाहुण्यांसमोर तुम्ही मानाचा बार काढणार, हेही वाचले. "दाजी, भ्यायला काय झालं, पलटणीत भाकऱ्या भाजत होता काय," हा तुमचा विनोद बहिणीला वाचून दाखवला. ती हसली नाही. डब्याविषयी सविस्तर भेटीत बोलू.

वहिनींना नमस्कार, पोरांच्या पाठीवर माझी एक थाप.

आपला,
लालासाहेब

ता. क. खंडेनवमीला तुम्ही इकडेच या. तुमची बंदूक पूजेला आणा, पण रिकामी. डबा आणू नका. मानाचा बार तुमच्याच हातून, तुमच्याच बंदुकीतून, पण माझ्या हलक्या काडतुसाने. पत्र आमच्या गड्याच्या, कृष्णातच्या हाती धाडले आहे. तुम्ही होय म्हटल्याशिवाय तो तुमच्या दारातून हलणार नाही, आणि तो एका बैठकीत किती भाकऱ्या खातो ते वहिनींना ठाऊक आहे.

पुन्हा ता. क. बंदूक ठणठणीत आहे असे वर लिहिले, ते खोटे आहे. तुमच्या डब्यातले एकच काडतूस परवा सुतळी ओढून उडवले. बाभळीचे खोड चिरले. कडी अजून उसात सापडलेली नाही. नेम धरणाऱ्याचा गाल जिथे टेकतो तिथे आता काही उरलेले नाही. मानसिंगराव, तालीमागून उठून मी आधी दोन्ही डोळे आणि दहा बोटे चाचपली. पलटणीतही असा भ्यालो नव्हतो. तुमची बहीण शेजारी बसली आहे. ती म्हणते तसेच लिहितो: "दादा, साहेबाकडं बंदुका दोन हुत्या. मला भाऊ एकच हाय."