गंगारामचा तंबोरा

४ जानेवारी, सकाळी दहा
चंपावहिनी नवऱ्याचा, आमच्या गंगारामचा तंबोरा देऊन गेल्या. भोपळ्याला तडा, दोन तारा तुटलेल्या. १८ तारखेला गंगारामला जाऊन वर्ष होईल, तोवर दुरुस्त हवा. म्हटलं, चार दिवसांत देतो. लूमवर पस्तीस वर्षं धागे सांभाळले, इथे तारा फक्त चार! निश्चय : रोज दोन तास काम. पुढे इथेच डिंडोलीत वाद्यदुरुस्तीचं दुकान. बोर्डाचा रंग ठरला, निळा.

६ जानेवारी
सात व्हिडिओ पाहिले. हात लावला नाही. आधी थिअरी पक्की हवी.

८ जानेवारी
नव्या तारा चढवल्या. तड्यात फर्निचरचा गोंद भरला. दुपारी जेवत होतो, तर तंबोरा आपोआप घुमला. खालच्या मजल्यावरच्या एम्ब्रॉयडरी मशीनमुळे. सायन्स आहे. इंदूचा घास हातातच राहिला. बायको घाबरट आहे माझी.

९ जानेवारी
लाइट नाही, मशीन बंद. तरी घुमला. हायवेचे ट्रक असणार. इंदू म्हणाली, हायवे इथून कुठे आला? म्हटलं, आवाज लांब जातो.

११ जानेवारी
गंगाराम गायचा, मी मागे झांज धरायचो. बावीस वर्षं. दवाखान्यातून त्याने तीनदा निरोप पाठवला. जायचंच होतं, पण ओव्हरटाइम होता. इंदू म्हणाली, तुम्ही तर तेव्हा रिटायर झाला होतात. हिला नको त्या तारखा लक्षात राहतात.

१४ जानेवारी
उत्तरायण. सगळी सुरत पतंग घेऊन गच्चीवर. मीही दिवसभर वरच. खोलीत एकट्याने बसवत नव्हतं, असं काही नाही.

१५ जानेवारी, दुपारी तीन
सकाळी चारही तारा काढल्या. साफसफाईसाठी. आत्ता त्या माझ्यासमोर गुंडाळून ठेवल्यात आणि तंबोरा घुमतोय. मध्येच थांबतो, गंगाराम गाताना दम घ्यायचा तसा. लाकूड थंडीत आकसतं. व्हिडिओत होतं. बहुतेक.

साडेतीन
त्याला म्हटलं, अरे येणारच होतो मी. मोठ्याने म्हटलं. इंदू दारात उभी होती.

१७ जानेवारी
तारा परत चढवल्या. शेवटची खुंटी जरा जास्त पिळली गेली. भोपळा फुटला, दोन तुकडे. मालच जुना.

१८ जानेवारी
चादरीत बांधून उधन्याला गंगारामच्या घरी नेला. वर्षभरात पहिल्यांदाच गेलो. जुना भोपळा, सुरतेची हवा, सगळं समजावून सांगितलं. चंपावहिनी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “भिकनभाऊ, हे सांगूनच गेले होते, तंबोरा भिकनकडेच दे. तो मोडेल, पण परत द्यायला तरी घरी येईल.”

मग मला गंगारामच्या फोटोसमोर बसवलं. म्हणाल्या, त्यांचं एखादं गाणं तुम्हीच म्हणा, बावीस वर्षं सोबत होतात. मी तोंड उघडलं. एक ओळ निघेना.

थंडीने घसा बसला असावा.