भाऊबीजेच्या साडीचं जॅकेट

मी, जमुना देवराव मेहरे, वय छप्पन्न, धंदा हारफुलांचा, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते फिरलंय असं बाळापूरचे माझे भाऊ खुशालराव म्हणतात, पण ते माझ्या जीन्सकडे पाहून म्हणतात, सबब पुराव्यात धरू नये. मला काही आजार नाही. माझे यजमान कागदपत्रं न करता गेले आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या मला झिजवाव्या लागल्या. मुलांवर ती वेळ नको, एवढंच कारण.

१. नांदगाव खंडेश्वरच्या वाटेवरचं झेंडूचं शेत चिरंजीव योगेशला. बांधावरचा मोगरा त्याच्या बाबांनी लावलेला आहे, त्याला हात लावायचा नाही.

२. राहतं घर योगेश आणि हर्षा या दोघांना सारखं. लेकीचं लग्न झालं म्हणून तिचा वाटा कमी, असं कोणी सुचवल्यास त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

३. बाजारातलं दुकान सून मैनाला. तिची गुंफण माझ्यापेक्षा सुबक आहे. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

४. आता कपडे. हर्षा पुण्याला गेली तेव्हा तिच्या जीन्स कपाटात राहिल्या. एकदा फुलं आणायला जाताना माझा पदर स्कूटीच्या चाकात गेला, गुडघे फुटले, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यातली एक चढवली. सोयीसाठी घालते असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं सांगायचं तर ती मला छान दिसते. आरशात पाहिलं आणि हसू आलं, देवराव गेल्यापासून पहिल्यांदा. मग रुंद पायाची जीन्स आली, ढगळ शर्ट आले, पांढरे स्नीकर आले. स्नीकर सोडून (त्यांचं पुढे येईल) हे सगळं हर्षाला. सोबत माझी शिकवणही घ्यावी: एका वेळी एकच गोष्ट आजकालची असावी, बाकी आपलं. माझ्या जीन्सवर शेवंतीची वेणी आणि टिकली कायम असते. पोट आत ओढून चालायचं नाही, कपडेच मापाचे घ्यायचे.

५. खूप खिशांची कार्गो पॅन्ट शेजारच्या दुकानातल्या केशरबाईंना. पहिल्या दिवशी त्यांनी अख्ख्या बाजारासमोर विचारलं होतं, "काहून वो जमुनाबाई, कॉलेजात नाव टाकलं का?" परवा हळूच म्हणाल्या, "दोरा, कैची, मोबाइल, सारं मावते का वो त्यात?" मावतं. कंबर मात्र सैल करून घ्यावी लागेल.

६. खुशालरावांना मी दादा म्हणते, इथेही तसंच लिहिते. दर भाऊबीजेला दादा एसटीने साडी घेऊन यायचा. त्यातली एक जांभळी, मोठ्या काठाची, माझी सगळ्यात लाडकी. पुतण्या अमोलच्या लग्नात तीच मिरवायची म्हणून मी ती कापून लांब जॅकेट शिवून घेतलं आणि जीन्सवर घालून गेले. वाटलं, दादा खूश होईल. त्याने काठ ओळखला आणि भर मांडवात म्हणाला, "म्या देलेल्या साडीले कैची लावली तुनं? आता तुले एकच साडी आणीन, शेवटची." बाई गेल्यावर तिच्या अंगावर माहेरची साडी घालतात, ती. तेव्हापासून दादा भाऊबीजेला आला नाही. मी दरसाल ओवाळणीचं ताट करते आणि दाराकडे बघत बसते. मला फार वाईट वाटतं.

तरी दादा ती साडी आणेल तेव्हा मुलांनी ती माझ्या अंगावर घालावी. रंग कोणताही असो, कुरकुर करू नये. पायांत मात्र माझे स्नीकर राहू द्यावेत.

७. त्याच जांभळ्या साडीच्या उरलेल्या कापडाची मी दादासाठी बंडी शिवून ठेवली आहे. वरच्या फळीवर आहे. माप आठवणीवरून घेतलं, पोट वाढलं असेल म्हणून शिवणीत कापड सोडलंय. ती त्याला द्यावी आणि सांगावं, की साडीच ठेवली असती तर सणासुदीलाच नेसले असते. जॅकेट केलं म्हणून ती रोज अंगावर राहिली.

पुरवणी, सहीच्या दिवशी लिहिलेली:

मृत्युपत्र करते आहे, एवढंच मी वहिनीला फोनवर बोलले होते. आज दादा पहिल्या गाडीने आला. दारातूनच ओरडला, "काय झालं तुले? मले काहून नाही सांगतलं कोनी?"

"काही नाही झालं दादा. नुसता कागद करून राहिली."

तो पायरीवर बसून रडला, मग माझ्यावर चिडला, मग हातातली मोठी पिशवी उघडली. आत साड्याच साड्या. दर भाऊबीजेची एक, घडी न मोडलेली.

"दरसाल घेतली," तो म्हणाला. "पन आणाची हिंमत नाही झाली. शेवटची म्हनलो होतो ना मी. आणली अन् तुले काही झालं तं?"

मी एकेक साडी काढून मांडीवर घेतली.

"आता साऱ्या संगच आणल्या," दादा म्हणाला. "त्यातली शेवटची कोनती, यमालेही समजनार नाही. कैची लावाची असन तं लाव."

साक्षीदाराची सही दादाच करणार आहे. कागद करणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही द्यायचं तो साक्षीदार नसलेला बरा. म्हणून कलम सात खोडलं आहे. बंडी आजच दिली. पोटावर बटण लागत नाही, मैना शिवण उसवते आहे. कलम सहा तसंच ठेवलं आहे, पण घाई नाही. दादा दिवाळीला आणखी एक आणणार आहे.

लिहून देणार: जमुना देवराव मेहरे (सही)

साक्षीदार:
१. ॲड. रागिणी खंडारे, अमरावती (सही)
२. खुशालराव पुंजाराम उंबरकार, बाळापूर (सही, जांभळ्या बंडीत)

ठिकाण: अमरावती
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६