फुटलेल्या घंटेचा इतिहास

आई, गेल्या रविवारी आपल्या येशूच्या देवळात नवी घंटा चढवली. आवाज स्वच्छ आहे, पार नदीपलीकडे जातो. जुनी खाली उतरवली तेव्हा पाळकसाहेब मला म्हणाले, "ताई, तुम्ही कंपनीत रिपोर्ट लिहिता, आपल्या घंटांचा इतिहासही तुम्हीच लिहा." म्हणून कोरेगाव भीमाहून चार दिवसांची सुट्टी काढून गावी आले आहे.

सुरुवात सोपी होती. आपली पहिली घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. दौंडला रेल्वेत गँगमन असलेल्या आजोबांनी तो आणून देवळासमोरच्या लिंबाला टांगला आणि हातोडीनं वाजवला. पुढे शिरूरहून बैलगाडीतून, कडब्यात गुंडाळून, खरी ओतीव घंटा आली. आजोबा थकल्यावर तिचा दोर तुझ्या हाती आला. बाईमाणूस घंटा वाजवतं म्हणून आधी कुरकुर झाली, मग गावाला तुझ्या हाताची सवय झाली. हे सगळं मी भराभर लिहिलं. मग पुराचा दिवस आला.

गुरुवारची दुपार. तू देवळाचं अंगण झाडत होतीस, आणि गढूळ पाण्याचा लोट शिवारात शिरताना पहिल्यांदा तुलाच दिसला. काठावर धनगरांची वस्ती, गडीमाणसं मेंढरं घेऊन माळावर गेलेली. तू झाडू टाकून दोर धरलास. रविवार नसताना घंटा वाजतेय आणि थांबतच नाही, म्हणून वस्तीतल्या बाया बाहेर आल्या, पाणी पाहिलं आणि पोरं, म्हाताऱ्या घेऊन टेकडीकडे धावल्या. देवळाच्या पायरीला पाणी लागलं तरी तू ओढतच होतीस. शेवटी घंटेला तडा गेला, आवाज फाटला, तरीही थांबली नाहीस. वस्ती वाहून गेली. माणूस एकही गेलं नाही.

त्यानंतरची मंडळीची बैठक मला अजून दिसते. तू पदर खोचून उभी आहेस, दोन्ही तळहातांना चिंध्या बांधल्या आहेत. पंचांपैकी एक म्हणतात, "ओढायची बी काही रीत असती का न्हाई? एवढी घंटा फोडली!" तू मान खाली घालत नाहीस. "फुटली माझ्याच हातनं," म्हणतेस. "पुन्हा पानी आलं तर पुन्हा अशीच वाजवीन." त्या दिवशी कोणी तुझे आभार मानले नाहीत. तू घरी आलीस आणि दुखऱ्या हातांनी भाकऱ्या थापल्यास. पुढे मरेपर्यंत तीच फुटकी घंटा वाजवलीस.

परवा ती मोडीत द्यायचं ठरत होतं. तेवढ्यात वस्तीतले म्हातारे आप्पा चार-पाच बायांना घेऊन आले, दाराशी चपला काढून आत उभे राहिले. कोणीतरी विचारलं, "आप्पा, तुमचं हितं काय काम?" आप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तवा मी माळावर व्हतो. हिच्या आईनं घंटा वाजवली नसती, तर घरी येऊन मी हाक कुणाला मारली असती? ही घंटा मोडीत जायची न्हाई." पाळकसाहेब उठले आणि त्यांनी आप्पांना आपल्या खुर्चीवर बसवलं. आता घंटा दाराजवळ चौथऱ्यावर ठेवली आहे. काल वस्तीतल्या एका आजीनं तिला खंडोबाचा भंडारा लावला, तो कोणी पुसला नाही. मी शेजारी उभी होते आणि आई, माझी मान इतकी ताठ कधीच झाली नव्हती.

हा कागद कुठल्या टपालपेटीत पडायचा नाही, म्हणून सांगते. परवा देवळातून निघताना आप्पांनी मला विचारलं, "तू बी व्हतीस ना गं पोरी, आईसंगं दोराला?" मी "व्हय" म्हणाले. इतिहासात तुझं एकटीचं नाव लिहिलंय, पण आप्पांना खरं सांगितलेलं नाही. घंटा वाजायला लागली तशी मी दप्तर टाकून पळाले होते. टेकडीवर सगळ्यांत आधी मीच पोचले होते.