खोबणीतलं औषध

३ नोव्हेंबर, सोमवार

नाही. तिथे औषध नाही. चार वेळा बघितलं!

झालं असं — उद्याच्या वर्गात मुलांना दाखवायला म्हणून माझ्याच एंझाइमची बारा वर्षांपूर्वीची मापं काढली. जिवाणूचं एंझाइम, काम एकच : आपण दिलेलं औषध तोडून टाकायचं. त्याचे स्फटिक करायलाच मला तीन वर्षं लागली होती. मग त्यावर क्ष-किरण सोडायचे, उमटलेल्या ठिपक्यांवरून आकार काढायचा. पडद्यावर निळी जाळी दिसते, त्या जाळीत एकेक अणू बसवत जायचं. मधल्या खोबणीत जाळीचा एक पुंजका होता. त्यात मी औषधाचा रेणू बसवला. त्या चित्रावर डॉक्टरेट, त्यावरच ही नोकरी. पाठ्यपुस्तकातसुद्धा आहे मेलं ते चित्र.

आज नव्या प्रोग्राममध्ये तीच मापं घातली आणि पुंजका आक्रसला. आता त्यात जेमतेम ग्लिसरॉल मावतं. स्फटिक गोठवताना तडकू नये म्हणून घालतात ते. मीच घातलं होतं, या हातांनी! बारा वर्षं जगाला ग्लिसरॉल दाखवून औषध म्हणतेय मी.

संगणक बंद केला, घरी आले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वर्ग घेतला. जुनंच चित्र दाखवलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हळूबाई रडली.

माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. प्रत्येक गोष्ट दोनदा मोजते, तिसऱ्यांदा वहीत बघते, म्हणून सगळी लॅब तिला हळूबाई म्हणते. तीही हसून ओ देते. माझ्या चित्रात औषधाला धरून ठेवणारं एक अमिनो आम्ल आहे, हिस्टिडीन, एंझाइमच्या साखळीतलं दोनशे अकरावं. ते काढून टाकलं की एंझाइम मरायला हवं, हे सिद्ध करायचं — एवढाच तिचा विषय. तिनं ते काढलं. पाच वेळा नव्यानं सगळं केलं. आणि एंझाइम आपलं मजेत काम करतंय! चाचणीतलं पिवळं पाणी लाल झालं, की समजायचं, एंझाइमनं तोडलं. तिचं दर वेळी लाल होतं. तीन वर्षं झाली.

आज दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझ्या हातातच काहीतरी खोट आहे. मी सोडून देते."

एका वाक्याचं काम होतं. बये, तुझे हात ठीक आहेत, माझं चित्र खोटं आहे. म्हटलं काय, तर — घाई करू नकोस. हळूबाईला!

मग वर आणखी शहाणपण : "शेवटचं एकदा करून बघ." वेळ मारून नेली झालं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांना फोन केला, माझ्या डॉक्टरेटच्या मार्गदर्शकांना. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आवाज तसाच खणखणीत. अर्धा तास गुडघे आणि गुलाब. मग मी सांगितलं. म्हणाले, आता कशाला उकरून काढतेस, औषध तिथेच बसत असणार, दुसरीकडे जाईल कुठे! त्या मुलीला दुसरा विषय दे म्हणाले.

तो दिवस लख्ख आठवतो. पुंजका नीट दिसत नव्हता. सर माझ्या खुर्चीमागे उभे. "पातळी थोडी खाली घे. अजून थोडी. हं, आलं की नाही!" पातळी खाली घेतली की जाळीत कचराही दिसायला लागतो, हे सरांना ठाऊक होतं आणि मलाही. पण माऊसवर हात माझा होता. मला ते दिसायला हवंच होतं. सरांच्या नावानं खडे फोडून काय उपयोग?

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी लॅबमध्ये कुणी नव्हतं. फ्रीजमधून हळूबाईची नळी काढली. दोनशे अकरा काढलेलं एंझाइम, वर तिच्या बारीक अक्षरात तारीख. चोरासारखी चाचणी केली. चाळीस सेकंदांत लालभडक.

तिच्या हातात काडीची खोट नाही. इतकं स्वच्छ काम मला तिच्या वयात जमलं नव्हतं. आणि ही पोरगी स्वतःच्याच हातांकडे संशयानं बघत असेल!

घरी नवऱ्याला सांगितलं सगळं. तो दातांचा डॉक्टर. जेवता जेवता थांबला. म्हणाला, "एक्स-रेतल्या सावल्या बघून तर मीही दात उपटतो. चुकीचा उपटला तर पेशंटला त्याच दिवशी कळतं. तुमच्यात बारा वर्षं लागतात."

हसू आलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज सांगणारच होते. तिचा वाढदिवस निघाला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हळूबाईचे वडील आले होते. साधा माणूस, बस चालवतो. ड्यूटी संपवून तसाच आला, गणवेशात. खुर्चीच्या कडेवर बसला. पोरगी जेवत नाही म्हणाला. या खेपेलाही नाही झालं तर घरी परत येणार म्हणते.

मग म्हणाला, "बाई, कष्टात कमी पडते का ती?"

मी म्हटलं, नाही, अजिबात नाही.

"मग चुकतंय कुठं?"

नशिबाची साथ लागते, असं काहीतरी बोलले. नशीब! विज्ञान शिकवणारी बाई मी! त्यानं मान डोलावली आणि हात जोडले. त्या जोडलेल्या हातांकडे बघवेना. असं वाटलं, त्यापेक्षा फाडकन कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. रडून काय होणार होतं? तोंड धुतलं, पुढचा वर्ग घेतला.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहिलं! ते चित्र छापलेल्या नियतकालिकाला पत्र. आमचा लेख मागे घ्यावा, खोबणीत औषध नाही, चूक माझी. सरांचं नाव घातलं नाही. छापून घेतलं, सही केली. पण पाठवण्याआधी हळूबाईला सांगायचं. तिला बाहेरून कळता कामा नये. उद्या, सकाळी पहिल्यांदा तेच.

नवऱ्यानं वाचलं. नोकरी जाईल का, विचारलं. जाईल बहुतेक, म्हटलं. म्हणाला, "मग दवाखान्यात ये. चुळा भरायचे ग्लास भरून ठेवायला मला माणूस हवंच आहे."

दोन आठवड्यांनी पोटभर जेवले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मी तोंड उघडायच्या आत हळूबाई आत आली. हसत. टेबलावर तीन नळ्या ठेवल्या. पिवळ्याजर्द. लाल झाल्याच नाहीत.

"तुमचंच बरोबर होतं, मॅडम. मीच इतके दिवस चुकत होते."

ती वडिलांना फोन करायला बाहेर गेली, तेव्हा मी तिच्या टेबलापाशी गेले. नळ्या तापवायचा ठोकळा चालूच होता. पंचाण्णव अंशांवर. उकळलेलं एंझाइम काय तोडणार, कपाळ! आणि सगळं दोनदा मोजणाऱ्या हळूबाईकडून असं चुकून होत नाही.

आता मी माझं सांगितलं, की तिचंही उघडं पडणार.

ती परत आली. मी शाब्बास म्हटलं.