धाकटीचे फुगे

४ मार्च
शाळेच्या हॉलमधला ऑर्गन आज का आठवावा? डबा खाऊन झाला की मी आणि धाकटी बहीण चिमू त्याच्या मागच्या लाकडाला पाठ टेकून बसायचो. तापात तिचे कान गेले, त्याच्या पुढचं वर्ष. सिस्टर सराव करायच्या, मी गुणगुणायचे, चिमू डोळे मिटून गप्प. मला वाटायचं, झोपली.

सोमवारी वकील येणार. बुधवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन, त्याआधी मृत्युपत्र झालेलं बरं. भाचा म्हणतो, "तुला काही झालंच तर घर विकू, धाकट्या आत्याला वृद्धाश्रमात ठेवू. एकटी कशी राहील? दारावरची बेल तरी ऐकू येते का तिला?" बोलतो ते खरंच आहे. माझा पियानो त्याच्या मुलीला.

५ मार्च
घराची किल्ली शोधताना चिमूच्या पर्समध्ये फुगे सापडले. पाकीटभर, रंगीत. साठी उलटलेली बाई! विचारलं, तर तोंड फिरवून बसली. तिनं तोंड फिरवलं की संपलंच — माझे ओठ दिसायला नकोत, की उत्तर द्यायला नको.

६ मार्च
शिवणाच्या क्लासला गेली म्हणे. शिवणाची पिशवी मात्र घरीच.

८ मार्च, रविवार
चिमूच्या फुग्यांचा छडा लागला.

दुपारी तिच्या मागोमाग गेले. बंद छापखान्याचं तळघर. पाटी नाही, जाहिरात नाही. एकमेकांना सांगून येतात. आत अंधुक उजेड आणि कपाटाएवढे स्पीकर. गाण्याला शब्दच नाहीत — नुसता खालचा सूर, जमिनीतून वर येणारा. याला बेस म्हणतात. दातांपर्यंत पोचला माझ्या! कान गच्च झाकले.

आणि समोर चिमू. अनवाणी, छातीशी फुगा धरून नाचतेय. जिला मी जन्मभर हात धरून रस्ता ओलांडायला लावला, ती! गाणी लावणारी मुलगी तिच्याकडे बघून खुणेनं विचारते, आणि ही मान हलवते, "अजून खाली ने." सगळे हिच्या पसंतीसाठी थांबलेले.

मला पाहून चपापेल वाटलं. छे. "आलीस? कानानं ऐकू नकोस, ताई." कानात घालायला बोळे दिले. स्पीकरपासून लांब नेलं, चपला काढायला लावल्या, खांबाला पाठ टेकवून उभं केलं. हातात पिवळा फुगा दिला, कानाशी येऊन म्हणाली, "बोटांनी हळू धर. दाबलास की मुका होतो."

फुगा थरथरला. मग पाठ. मग बरगड्या.

गाणं थांबल्यावर मी विचारलं, "म्हणजे ऑर्गनपाशी तू झोपत नव्हतीस?"

"झोपते कुठली. लाकडातून पाठीला सगळं कळायचं, तुझं गुणगुणणंही. तू तेव्हाही ठेक्याच्या मागेच असायचीस."

बाहेर आल्यावर मी बेलचा विषय काढला. म्हणाली, "बेलला दिवा जोडून देणार आहेत या मुली. तू कधी विचारलंस का मला?"

९ मार्च
वकिलांना आधीचा मसुदा फाडायला लावला. भाचा फुगून बसलाय. बसू दे.

घर चिमूला. विकायचं नाही. पियानोही तिलाच — भिंतीपासून पुढे ओढून ठेवावा, मागे दोघींना पाठ टेकून बसता येईल इतका. भाच्याच्या मुलीला माझी गाण्यांची पुस्तकं. शिवणयंत्र ज्याला हवं त्याला. घरात कोणी शिवत नाही.

पिवळा फुगा माझा. शुद्धीवर आले की चिमूनं फुगवून हातात द्यावा.