हेल्पमुळे सापडलेला अर्ज

अहो,

आमटी-भात झाकून ठेवलाय. मी ऐरोलीला मुलाखतीला चाललेय.

माझा नोकरीचा अर्ज कॉम्प्युटरने खाल्ला, असं तुम्ही आठवडाभर सांगत होतात. "तुला त्यातलं काय कळणार?" असंही म्हणालात. म्हणून आज मी कॉम्प्युटरमधलीच हेल्प उघडली, इंडेक्समध्ये 'डिलीट' टाइप केलं आणि ती सांगेल तसं करत गेले. एवढ्याशा विद्येचा वर्षभर केवढा तोरा मिरवलात!

अर्ज रिसायकल बिनमध्ये होता. कधी टाकला तेही तिथे दिसतं. मंगळवारी, दुपारी तीनला. तेव्हा मी दिघ्याला आईकडे होते आणि घरात तुम्ही एकटेच होता.

अर्ज छापून घेतलाय, मुलाखतीलाच हातोहात देईन. मुलाखतीनंतर आईकडेच राहीन. नवीन थाप शोधायला तुम्हाला दोन-चार दिवस पुरतील.

राजश्री