टाउन हॉलमागचं धुराडं

३ मे १७८४
अजून याच गावात! निघालो होतो यॉर्कला. वाटेत इथे नव्या टाउन हॉलच्या खिडक्या रंगवायचं काम मिळालं. त्यातल्या चार खोट्याच. उजवीकडे खिडक्या आहेत, म्हणून डावीकडे भिंतीवर चितारायच्या. हॉलचा आराखडा प्रॉसरसाहेबांचा. एकटा जीव. मोजेसुद्धा दोरीने मापून चढवत असणार.
मुक्काम हॉलच्या मागे, हॅनाकाकूंच्या घरी. विधवा बाई. पाव फक्कड भाजतात.

९ मे
घोटाळा. चौकातून पाहिलं तर हॉलच्या छपरावर डाव्या अंगाला काकूंचं धुराडं डोकावतंय. साहेब हबकले. घर पाडायचं म्हणे, गावचे पंच तयार आहेत.
काकू दारात उभ्या. "धुराडं खुपतंय तर डोळे मिटा की."
"बाई, दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात."
"तुमच्या भुवया तरी सारख्या आहेत का?"

१० मे
काकू भांडी बांधताहेत. मला म्हणाल्या, "तुझं बरं. तुला बांधायला काही नाहीच."

१२ मे
चिडून साहेबांना म्हणालो, "मग उजवीकडेही एक धुराडं बांधा, झाली फिट्टंफाट!" टोमणा होता. साहेबांनी मग पेन्सिल काढली. खरंच बांधणार म्हणे! घर वाचलं.
काकूंनी मला वेडा म्हणून दोन पाव दिले. नंतर रस्त्यात हंसांचा थवा दिसला, त्याच्यामागे दुपार गेली. खिडकी अर्धीच.

२ जुलै
उजवं धुराडं उभं राहिलं. खाली घर नाही, नुसती पडवी. आता पंचांची कुरकुर — धूर एकातूनच का? साहेबांनी पडवीत शेगडी बसवली.
"मी पेटवत जाऊ?"
"तू? उन्हं डोक्यावर आल्याशिवाय उठतोस कधी?"
स्वतःच पेटवतात. विस्तव मागायला रोज काकूंच्या दारी. काकू विचारतात, "आज पाडायला आलात की मागायला?"

२० ऑगस्ट
विस्तव न्यायला एवढा वेळ? खापरातले निखारे विझले, तरी साहेब चुलीपुढे पाव खात बसलेले. काकू म्हणाल्या, "दोन्ही गालांनी चावा, नाहीतर चेहरा वाकडा दिसेल." साहेब हसले. त्यांना दात आहेत हे आज कळलं.

१९ सप्टेंबर, रविवार
चर्चमध्ये पाद्रीबाबांनी लग्नासाठी नावं पुकारली — हॅना टिबेट आणि एडमंड प्रॉसर.
बाहेर आलो. धूर फक्त डावीकडून. साहेबांनी वर पाहिलंसुद्धा नाही.